दोन जानेवारीचा किनारा

रविवार, १८ नोव्हेंबर २०१८, दुपारी साडेतीन. आजीच्या ओट्यावर बसून मसूर निवडत होतो, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडलं.

आजी म्हणाली, "यंदा किनारा तू ठरव, केर्सली."

मी म्हटलं, "मी? मला पोहता येत नाही."

"तुझ्या आजोबांना तरी कुठे येत होतं?"

दर दोन जानेवारीला आमचं सगळं कुटुंब बस भाड्याने घेऊन समुद्रावर जातं. आम्ही रोझ बेलची माणसं, बेटाच्या आतल्या भागातली, चहूकडे ऊस. समुद्र कुठल्याही दिशेला तासाभरावर आहे, पण सगळ्यांनी मिळून जाणं वर्षातून एकदाच. कुठल्या किनाऱ्यावर जायचं ते आजोबा सांगत. आजोबा मार्चमध्ये गेले.

मी विचारलं, "मामांपैकी कुणाला का नाही सांगत?"

"कुठल्या मामाला?" ती म्हणाली. मग मी मसूरच निवडत राहिलो. आजोबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर सीरिल मामा कुणाला न विचारता आजोबांचा डफ घरी घेऊन गेले. गास्तों मामा चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "बापाच्या अंगाखालची चादर तेवढी राहिली, तीही ने." तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. एक चर्चमध्ये उजवीकडे बसतो, एक डावीकडे. आजी मधल्या वाटेजवळ बसते.

निघताना आजी म्हणाली, "एक ऐकून ठेव. माझी दोन्ही पोरं त्या बसमध्ये दिसली नाहीत, तर मी पायरी चढणार नाही. मग बस नको, समुद्र नको, पुढेही कधी नको."

शाळा मी तिसऱ्या फॉर्मला, म्हणजे नववीला, सोडली. पण हार्डवेअरच्या दुकानात सहा वर्षं आहे, आणि मोजमापात माझी चूक अजून निघालेली नाही. उत्तम किनारा निवडला तर न येण्याचं कारणच कुणाला उरणार नाही. हे काम नीट केलं तर होण्यासारखं आहे.

बुधवार, २१ नोव्हेंबर

वीरापेनकडे बस ठरवली. साडेसहा हजार रुपये. चौदा वर्षं तोच आम्हाला नेतो. कुठे जायचं हे त्याने विचारलंच नाही, म्हणून मीच म्हटलं, "ठिकाण अजून नक्की नाही."

तो म्हणाला, "तुझ्या आजोबांचंही कधी नसायचं. गावाबाहेरच्या गोल चौकापर्यंत न्यायचो, मग ते सांगायचे."

मला आश्चर्य वाटलं. आजोबा एवढे निष्काळजी असतील असं वाटलं नव्हतं. अंतर, सावली, संडास, वारा, यातलं काहीच आधी पाहायचं नाही म्हणजे नुसता नशिबावर हवाला. मी तसं करणार नाही.

वहीत रकाने आखले. सावली (सुरूची झाडं मोजून). वाळू. गर्दी. संडास (मिलेन मामीच्या गुडघ्यांमुळे जवळ हवा). अंतर. बस उभी करायला जागा.

रविवार, २५ नोव्हेंबर

पूर्वेच्या बेल मार या किनाऱ्यावर जाऊन आलो. दोन बस बदलाव्या लागल्या. किनाऱ्याचं नाव पाटीवरून अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. वाळू पिठासारखी. सुरूची झाडं एकशे दहापर्यंत मोजली, मग पुरे केलं. काठीला लाल रिबीन बांधून वारा पाहिला, ती दिवसभर आडवीच होती. संडास स्वच्छ. आजवर पाहिलेल्या किनाऱ्यांत हा पहिला.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

संध्याकाळी गास्तों मामांच्या कामावर गेलो. एका बंगल्याची भिंत चालू होती. सिमेंटच्या धुळीत त्यांनी माझ्यासमोर दोनदा दम्याचा पंप तोंडात धरला.

"बेल मार?" ते म्हणाले. "हं. वाळू चांगली आहे. सीटा किती झाल्या?"

"एकोणीस."

"कुणाकुणाच्या?"

मी नावं वाचून दाखवली.

"एवढ्याच? आणि ते बेकरीवाले?"

"सीरिल मामांना अजून विचारलं नाही."

"मला काय करायचंय? मी आपलं सहज विचारलं." मग थापी घेऊन भिंतीकडे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "त्यांच्या घरची सहा माणसं धर. म्हणजे, बसमध्ये जागा पुरते का ते बघायला."

आकड्यांच्या बाबतीत गास्तों मामा फार काटेकोर आहेत. हा गुण मला त्यांच्याकडूनच आला असेल.

बुधवार, २८ नोव्हेंबर

पहाटे बेकरीत. सीरिल मामांचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी मोडला, आत सळई आहे, तरी पिठाच्या गोण्या स्वतः उचलतात. मी बेल मार म्हटल्याबरोबर त्यांनी गोणी खाली टाकली.

"डोकं ठिकाणावर आहे का? तिथला वारा माहीत आहे तुला? बारीक वाळू उडते. छातीत जाते. माणसाला श्वास घेता येत नाही."

मी म्हटलं, "मामा, तुमची छाती तर ठणठणीत आहे."

"मी माझं म्हणतोय का?"

"मग?"

त्यांनी भट्टीचं दार आपटलं. "बेल मार असेल तर आम्ही सहाही जण घरी. लिहून घे."

लिहून घेतलं. वारा मी रिबिनीने पाहिला होता, पण त्याला रकाना दिला नव्हता. दुपारभर हिशेबात मन लागलं नाही, एका गिऱ्हाइकाला खिळे जास्त गेले.

रविवार, २ डिसेंबर

ब्लू बे. आमच्यापासून सगळ्यात जवळ. पाणी काचेसारखं, तळचे मासे काठावरून दिसतात. वारा बेल मारच्या निम्माही नाही. सावली कमी, पण सकाळी लवकर जाऊन दोर बांधून जागा धरता येईल. मी स्वतः पहाटे जाईन. एक म्हातारा कोळी जाळं दुरुस्त करत होता. त्याला विचारलं, इथे पोहायला कसं. तो म्हणाला, "दोरीच्या आत बायकामुलं, दोरीच्या बाहेर शहाणे." वहीत लिहिलं: दोरीच्या आत सुरक्षित.

मंगळवार, ४ डिसेंबर

आधी बेकरीत गेलो. सीरिल मामा खूश. "ब्लू बे चालेल. मी पार त्या टोकापर्यंत पोहून येतो बघ."

तिथून तसाच गास्तों मामांकडे. ते जेवत होते. त्यांनी ताटच सरकवलं.

"ब्लू बेला ओढ आहे. पाणी आत खेचून नेतं."

"दोरीच्या आत नाही, मामा. मी विचारून आलोय."

"दोरीच्या आत राहणारी माणसं असतात, तशी न राहणारीही असतात! पायात लोखंड घालून माशासारखी निघतात, आणि मग कोण आणणार त्यांना परत? तू?"

मिलेन मामी हळूच म्हणाल्या, "कोण रे पायात लोखंड घालून?"

"कुणी नाही! सर्वसाधारण बोलतोय मी!" आणि ते खोकायला लागले. मामींनी पंप आणून दिला. पंप घेता घेता त्यांनी मला बोटाने खूण केली: पाच सीटा खोड.

मला समजत नाही. गास्तों मामा समुद्रात घोट्याच्या वर कधी जात नाहीत. त्यांना ओढीचं काय?

रविवार, ९ डिसेंबर

फ्लिक आं फ्लाक. पश्चिमेला, लांब. तीन बस. गर्दी फार. सावलीतली जागा नवाच्या आत भरते. पायाखाली प्रवाळाचे तुकडे टोचतात, आजीच्या सपाता चालणार नाहीत. कचऱ्याचे डबे भरून वाहत होते. बस लांब उभी करावी लागते. पाणी मात्र सपाट, ताटात ओतल्यासारखं, आणि लाल रिबीन काठीला चिकटून लोंबत राहिली. पण सपाट पाण्याला वेगळे गुण द्यायला मी रकाना ठेवलेला नाही. सहापैकी चार रकान्यांत नापास.

खोडलं.

बुधवार, १२ डिसेंबर

उत्तरेला जायला पैसे उरले नाहीत आणि सुट्टीही नाही.

दोघांना समान न्याय म्हणून मी दोन कागदांवर सारखंच लिहून दोन्ही घरी दिलं: बेल मारचे गुण-दोष, ब्लू बेचे गुण-दोष, खाली माझा निर्णय, बेल मार. दोष कमी आहेत म्हणून. अक्षर वळणदार काढलं.

रविवार, १६ डिसेंबर

सीरिल मामांच्या मुलीने येऊन सांगितलं, "पप्पा म्हणतात आम्ही नाही." संध्याकाळी मिलेन मामी आल्या. त्यांनी विचारलं, "बेकरीवाले येतायत का?" मी खरं ते सांगितलं, की नाही. त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडचेही नाही म्हणतायत."

मी म्हटलं, "पण गास्तों मामांना तर बेल मार आवडलं होतं!"

"तू खूप मेहनत घेतलीस रे," असं मामी म्हणाल्या आणि गेल्या.

अकरा सीटा गेल्या. आजीला सांगायची हिंमत होत नाही.

सोमवार, १७ डिसेंबर

सांगितलं.

आजी कपडे वाळत घालत होती. तिने आजोबांचा सदरा अजून धुवायचा सोडलेला नाही. तो पूर्ण झटकून दोरीवर टाकला, मग म्हणाली, "किनाऱ्याचं नाव सांगितलंस त्यांना?"

"नाव, गुण-दोष, सगळं. लेखी."

"अरे देवा."

"मग काय लपवायचं?"

"तुझे आजोबा आयुष्यात कुणाला म्हणून नाव सांगत नसत. मलासुद्धा नाही. एकाला म्हणायचं, भात तू आण. दुसऱ्याला म्हणायचं, कोंबडी तू आण. नाव सांगितलं की माणसाला घरी बसायला कारण मिळतं, पोरा. भाताला कुठलं कारण?"

मी विचारलं, "आणि आयत्या वेळी किनारा चुकला तर?"

"चुकायचाच की. एकदा तर गटाराशेजारी बसलो होतो."

मग तिने स्वतः चपला घातल्या. आधी बेकरीत गेली, मी मागे. सीरिल मामांना म्हणाली, "दोन तारखेला पंचेचाळीस माणसांचा भात आणि मसूर तुझ्याकडे. मोठ्या पातेल्यात." त्यांनी तोंड उघडलं, तोवर ती बाहेर. गास्तों मामांच्या दारात उभ्या उभ्या म्हणाली, "कोंबडीचा रस्सा तुझ्या बायकोचा. तिखट कमी." गास्तों मामा म्हणाले, "आई, जायचं कुठे पण?" आजी म्हणाली, "जेवायला."

हे सगळं मला फार बेशिस्त वाटतं. पण दोघांपैकी कुणीही नाही म्हटलेलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

मंगळवार, २५ डिसेंबर

नाताळ. चर्चमध्ये एक उजवीकडे, एक डावीकडे. काही बदल नाही.

गुरुवार, ३ जानेवारी २०१९

कालचं आज लिहितोय. काल हात चालत नव्हता.

बस सातला आजीच्या दारात आली. आजी नवीन टोपी घालून ओट्यावर बसून राहिली. चढेना. म्हणाली, "आधी पोरं." मग वीरापेनने बस आधी गास्तों मामांच्या गल्लीत नेली. रश्श्याचं पातेलं दोघांनी धरून आत घेतलं, मामा पुढच्या सीटवर पातेलं पायांत धरून बसले. तिथून बेकरीकडे.

सीरिल मामा फाटकाशी भाताच्या पातेल्याशेजारी उभे. खिडकीतून त्यांना गास्तों मामा दिसले. त्यांनी मान फिरवली. पण तोवर पोरांनी पातेलं उचलून आत चढवलंही होतं.

वीरापेनने हॉर्न दिला. "भात बसला, मालक. तुम्ही?"

बसमधून कुणीतरी म्हणालं, "भाताबरोबर बायको पण निघाली, सीरिल! घरी काय पाव खाणार?"

सगळे हसले. ते चढले, कुणाकडे न बघता सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल होतं. माझ्या सामानाच्या यादीत ते नव्हतं.

मग परत आजीच्या दारात. तिने बसच्या पुढे पाहिलं, मागे पाहिलं, आणि पायरी चढली.

गोल चौक आला. वीरापेन म्हणाला, "बोल, साहेब."

मी उठून उभा राहिलो. सगळ्या माना माझ्याकडे. मी म्हटलं, "बेल मार."

बसच्या पुढून आणि मागून एकदमच ओरडा झाला.

"बेल मार?" मागून सीरिल मामा. "बाहेर बघ जरा! ऊस कसा झोपलाय! आज वारा पूर्वेचा आहे!"

"महिनाभर हेच चाललंय याचं!" पुढून गास्तों मामा. "आणि आता ब्लू बे म्हणशील तर याद राख!"

"पश्चिमेला घे, वीरापेन!" मागून.

"फ्लिक आं फ्लाकला घे!" पुढून.

"तेच म्हणतोय मी!"

"मग मोठ्याने बोल ना!"

"तू बोलू देशील तर!"

बसमधले पुढचे मागे आणि मागचे पुढे बघायला लागले. वीरापेन चौकाला फेऱ्याच मारत होता, मला वाटतं तिसरी चालू होती. भांडण पेटणार या भीतीने मी मध्ये पडलो. म्हटलं, "मामा, फ्लिक आं फ्लाक मी स्वतः तपासलंय. सहापैकी चार रकान्यांत..."

"तू गप बस!" दोघंही एकदमच म्हणाले.

मी बसलो. आजी खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांत वारा जात असावा, पाणी येत होतं. खिडकी लावायला मी उठलो, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

फ्लिक आं फ्लाकला पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. मी म्हटलं होतं तसंच झालं. सावली एक इंच शिल्लक नव्हती. शेवटी गाड्या उभ्या करतात तिथे, कचऱ्याच्या डब्यांपासून थोड्या अंतरावर, बसच्या एका बाजूला ताडपत्री बांधून बसलो. दोर कमी पडला. आजीच्या पायाला प्रवाळ टोचलं.

सीरिल मामा सरळ पाण्यात गेले. गास्तों मामा घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"पुरे! मागे फीर!"

"पाणी कमरेएवढं आहे, गाढवा! इथे बुडायचं म्हटलं तरी जमायचं नाही!"

"सांगतोय ना, फीर मागे!"

ते फिरले. दर वर्षी फिरत नाहीत, यंदा दमले असावेत.

जेवणं झाल्यावर सीरिल मामांनी चादर सोडली. आत आजोबांचा डफ. सुरूची वाळलेली पानं पेटवून त्यावर कातडं तापवायला धरलं. गास्तों मामा पाठ करून बसले होते. थोड्या वेळाने मान न वळवता म्हणाले, "एवढा जवळ धरू नकोस, फाटेल."

"तुला इतकं कळतं तर तू धर."

मला वाटलं, आता संपलं. पण सीरिल मामांनी डफ खरंच पुढे केला. गास्तों मामांनी घेतला, जाळावर दोनदा फिरवला, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली. "ओला राहिलाय. कुठे ठेवला होतास?"

"भट्टीच्या वरच्या फळीवर."

"तिथे ठेवतात होय? त्यापेक्षा माझ्याकडे..." इथे ते थांबले.

"ने," सीरिल मामा म्हणाले. "सहा महिने तू, सहा महिने मी."

गास्तों मामा वाजवायला लागले. धाप लागली की सीरिल मामा त्यांच्या हातातून डफ काढून घ्यायचे आणि तोच ठेका पुढे धरायचे. मध्ये खंड पडत नव्हता. मिलेन मामी गुडघे विसरून नाचल्या. अंधार पडल्यावरच निघालो, ठरल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा.

परतताना वीरापेनने विचारलं, "काय साहेब, कसा होता किनारा?"

मी सांगितलं की माझ्या हिशेबाने हा तिसऱ्या क्रमांकाचा. तो इतका हसला की मला त्याच्या गाडी चालवण्याची काळजी वाटली.

शनिवार, ५ जानेवारी

पैसे पूर्ण करायला फिरलो. गास्तों मामांकडे पाच सीटांचे साडेसातशे राहिले होते. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बसमध्ये देतो."

मी जाताना बेकरीत हे बोललो. बोलायला नको होतं. सीरिल मामा म्हणाले, "असं? त्याने दिले नाहीत तर मीच शहाणा का? माझे सहा सीटांचे आण इकडे. मीही त्याच्याबरोबरच देईन." आणि माझ्या हातातून नऊशे रुपये मोजून परत घेतले. मोजताना शीळ घालत होते, दोन तारखेचा तोच ठेका.

आता हिशेब असा:

खर्च: बस ६५००. बर्फ २४०. कोळसा १८०. ताडपत्री आणि दोर (दुकानातून सवलतीत) ५७५. किनारे पाहायला गेलो तो माझा प्रवास ३८६. एकूण ७८८१.

जमा: बत्तीस सीटांचे ४८००. आजीने दिलेले १०००. एकूण ५८००.

माझ्या खिशातून गेले (येणे सोडून): ४३१.

येणे: गास्तों मामा ७५०, सीरिल मामा ९००. एकूण १६५०.

कधी: येत्या दोन जानेवारीला, बसमध्ये, दोघांनी एकदम.

कुठल्या किनाऱ्यावर: दोघांनीही विचारलं. मी सांगितलं नाही.